जुन्या गाडीचा हीटर पुन्हा पुन्हा कोमट का पडतो

माझ्या जुन्या गाडीचा हीटर एकाच हिवाळ्यात तीनदा दुरुस्त झाला. आधी थर्मोस्टॅट बदलला, मग कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या, पाइपांत अडकलेली हवा काढली, शेवटी हीटर कोअर उलट्या दिशेने पाणी सोडून धुतला. दर वेळी आठ-दहा दिवस हीटर झकास चाले आणि मग पुन्हा तीच कोमट फुंकर. यातली एकही दुरुस्ती चुकीची म्हणता येणार नाही. थर्मोस्टॅट खरंच जुना होता, कोअरमधून गाळही निघाला. पण हीटर ज्यामुळे पुन्हा पुन्हा थंड पडत होता तो दोष भलतीकडेच होता, आणि तो सापडायला मला दोन महिने लागले. तो काय होता ते ओघात येईलच. आधी तपासायचं कसं आणि कोणत्या क्रमाने ते सांगतो, कारण मी पार्ट बदलत सुटलो होतो, तपासत नव्हतो.

गाडीचा हीटर स्वतः काहीच तापवत नाही. जळलेल्या इंधनातली साधारण एक तृतीयांश उष्णता इंजिन कूलंटला देतं आणि तेच गरम कूलंट दोन रबरी पाइपांमधून डॅशबोर्डमागच्या एका छोट्या रेडिएटरमध्ये फिरून येतं. हा छोटा रेडिएटर म्हणजे हीटर कोअर. ब्लोअर त्यावरून हवा ढकलतो आणि ती गरम होऊन आपल्या अंगावर येते. त्यामुळे प्रश्न तीनच उरतात : कूलंट पुरेसं तापतंय का, तापलेलं कूलंट कोअरपर्यंत पोचतंय का, आणि कोअरवरून जाणारी हवा खरंच कोअरवरूनच जातेय का. (फोक्सवॅगन बीटलसारख्या एअर-कूल्ड गाड्यांत कूलंटच नसतं, तिथे सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम पाइपांभोवतीची हवा केबिनमध्ये घेतात. त्यांचं दुखणं वेगळं, ते इथे नाही.)

हीटर नेमका कधी थंड पडतो, हे बोनेट उघडण्याआधी दोन दिवस नीट बघा. निम्मं निदान तिथेच होतं.

सिग्नलला उभं असताना हवा गार आणि जरा रेस दिली की गरम, असं होत असेल तर कूलंट कमी आहे, आत हवा अडकली आहे किंवा कूलंट फिरवणारा वॉटर पंप दमला आहे. बरोबर याच्या उलट, म्हणजे उभं असताना ठीक आणि हमरस्त्यावर वेगात गेलं की गार, तर थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरचा रस्ता बंद ठेवणारी झडप, उघडाच अडकलाय असं जवळजवळ डोळे मिटून म्हणता येतं. कारण समोरून येणारा वारा रेडिएटर थंड करतो, आणि रेडिएटरचा रस्ता बंद ठेवणारं कुणी राहिलेलं नसतं. एका बाजूच्या जाळीतून गरम आणि दुसऱ्या बाजूने गार हवा आली, तर कोअर अर्धवट तुंबलाय किंवा डॅशबोर्डमधली गार-गरम हवा मिसळणारी झडप अडकली आहे. हवा चांगली गरम आहे पण येतेच थोडी, तर कूलंटकडे बघायचीही गरज नाही : केबिन फिल्टर काढून बघा. फिल्टर पाचोळ्याने आणि धुळीने इतका गच्च झालेला असतो की आरपार उजेड दिसत नाही. ब्लोअर फक्त सगळ्यात वरच्या स्पीडला चालत असेल तर बहुतेक वेळा त्याचा स्पीड कमी करणारा रेझिस्टर गेलेला असतो. तो स्वस्तातला पार्ट आहे आणि हीटरच्या उष्णतेशी त्याचा संबंध नाही.

गाडी सुरू केल्यावर डॅशबोर्डमागून पाणी खळखळल्याचा आवाज येतो का, तेही ऐका. माझ्या गाडीत यायचा. मला वाटायचं, जुनी गाडी आहे, काहीतरी वाजणारच.

आता हाताने करायची तपासणी. त्याआधी एक सूचना, जी सगळ्यांना माहीत असते आणि तरी दर हिवाळ्यात कुणीतरी हात भाजून घेतो : गरम इंजिनावर रेडिएटरचं किंवा कूलंटच्या टाकीचं झाकण उघडायचं नाही. आत दाब असतो. झाकण सैल होताच दाब उतरतो आणि शंभर अंशांच्या वर असूनही शांत बसलेलं कूलंट एकदम उकळून अंगावर येतं. आणि इंजिन बंद असलं तरी रेडिएटरचा इलेक्ट्रिक पंखा आपोआप सुरू होऊ शकतो, म्हणून बोटं आणि बाह्या लांब ठेवा.

पंधरा-वीस मिनिटं गाडी चालवून इंजिन पूर्ण तापू द्या. हीटर सगळ्यात गरम बाजूला, ब्लोअर मधल्या स्पीडला. मग इंजिन चालू ठेवूनच बोनेट उघडा. इंजिन आणि केबिन यांच्या मधल्या पत्र्यातून दोन समान जाडीचे रबरी पाइप आत गेलेले दिसतील. एक कोअरमध्ये जाणारा, एक परत येणारा. दोन्हींना हलकेच हात लावून बघा, शक्य असेल तर इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजा. मोजताना नेम काळ्या रबरावर धरा. चकचकीत धातूवर हे थर्मामीटर खोटं वाचन दाखवतं.

दोन्ही पाइप चटका बसेल इतके गरम असतील तर कूलंटची बाजू ठीक आहे. दोष हवेच्या बाजूला, म्हणजे झडपा, फिल्टर किंवा ब्लोअरमध्ये. एक चटका देणारा आणि दुसरा जेमतेम कोमट असेल तर कोअर तुंबलाय, त्यात हवा आहे किंवा कूलंट फारच सावकाश फिरतंय. परतीचा पाइप दहा-पंधरा अंश थंड असणं स्वाभाविक आहे, कारण उष्णता केबिनला दिली गेलेली असते. तीस-चाळीस अंशांचा फरक स्वाभाविक नाही. दोन्ही कोमट असतील तर एकतर इंजिनच तापत नाही किंवा तापलेलं कूलंट इथवर येतच नाही. सगळं ठीक असलेल्या गाडीत जाळीतून निघणारी हवा साधारण पन्नास ते साठ अंशांची असते. स्वयंपाकघरातला टोकदार सळईचा थर्मामीटर जाळीत खोचला तरी हे कळतं.

इंजिन तापत नसेल तर

थर्मोस्टॅट ही इंजिन आणि रेडिएटर यांच्या मधली मेणाच्या जोरावर उघडणारी झडप. बहुतेक गाड्यांत ती ८२ ते ९२ अंशांच्या दरम्यान उघडू लागते आणि आकडा तिच्या अंगावर कोरलेला असतो. सकाळी थंड इंजिन सुरू करा आणि रेडिएटरच्या वरच्या जाड पाइपावर अधूनमधून हात ठेवा. टेम्परेचरचा काटा नेहमीच्या जागी पोचेपर्यंत तो पाइप थंडच राहायला हवा आणि मग जरा झटक्यात गरम व्हायला हवा. सुरुवातीपासूनच हळूहळू कोमट होत गेला तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय. ज्या गाड्यांत थर्मोस्टॅट खालच्या पाइपाकडे बसवलेला असतो, तिथे खालचा पाइप बघावा लागतो.

काट्यावर मात्र फार विसंबू नका. बऱ्याच गाड्यांत ७५ अंश असो की १००, काटा मधोमधच उभा राहावा अशीच रचना केलेली असते, मालकाला उगाच घोर लागू नये म्हणून. गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणारा स्कॅनर लावता येत असेल तर कूलंटचं खरं तापमान वाचा. त्यावर पी०१२८ हा दोषाचा कोड आला असेल तर त्याचा अर्थच असा की इंजिन थर्मोस्टॅटच्या तापमानापर्यंत वेळेत पोचत नाही.

काढलेला थर्मोस्टॅट फेकण्याआधी एकदा पाण्याच्या भांड्यात दोऱ्याने टांगून तापवा. कोरलेल्या आकड्याच्या आसपास तो उघडायला लागला आणि गार पाण्यात पूर्ण मिटला तर तो निर्दोष होता. माझा जुना थर्मोस्टॅट असाच निघाला. नवा बसवताना त्यावरचा छोटा सैल हलणारा पिन वरच्या बाजूला ठेवा, हवा तिथून सुटते.

जुनी गाडी दुसऱ्याकडून घेतली असेल तर अजून एक शक्यता आहे : थर्मोस्टॅट मुळात नाहीच. कधीतरी उन्हाळ्यात इंजिन तापलं, कुणीतरी तो काढून टाकला आणि गाडी "थंड" झाली म्हणून सगळे खूश झाले. अशी गाडी हिवाळ्यात केबिन तापवत नाही आणि इंजिन कायम अर्धवट थंड चालल्याने पेट्रोलही जास्त पिते. रेडिएटरपुढे पुठ्ठा लावणं हा त्यावरचा उपाय नव्हे. कडाक्याच्या थंडीत चांगल्या गाडीलाही पुठ्ठा लावतात हे खरं, पण बिघडलेल्या थर्मोस्टॅटला पुठ्ठा लावणं म्हणजे दुखणं झाकणं.

कूलंट कोअरपर्यंत पोचत नसेल तर

इथे सगळ्यात जास्त घोळ होतो, म्हणून जरा रेंगाळतो.

हीटर कोअर बऱ्याच गाड्यांत कूलंटच्या वाटेवरच्या उंच जागांपैकी एक असतो. कूलंट कमी झालं की हवा वर चढून तिथे जाऊन बसते. इंजिनाला अजून पुरेसं कूलंट मिळत असतं, काटा मधोमध असतो, आणि तक्रार करणारा पहिला पार्ट हीटर. म्हणून पहिलं काम म्हणजे इंजिन पूर्ण थंड असताना, रात्रभर उभ्या गाडीत, कूलंट बघणं. आणि ते रेडिएटरचं झाकण उघडून बघायचं, फक्त शेजारच्या, जास्तीचं कूलंट साठवणाऱ्या प्लास्टिकच्या बाटलीवरच्या खुणा पाहून नाही. हे वाक्य मी दोनदा वाचायला सांगेन. मी तीनही वेळा बाटली बघितली होती आणि तीनही वेळा ती भरलेली होती. (ज्या गाड्यांत रेडिएटरला वेगळं झाकण नसतं आणि दाबाचं झाकण टाकीलाच असतं, तिथे टाकीतली पातळी हीच खरी पातळी.)

कूलंट कमी निघालं तर त्याच जातीचं भरा. हिरवा, लाल, गुलाबी या रंगांवर जाऊ नका. रंग कंपनीने टाकलेला असतो आणि तो एकसारख्या रसायनाची खात्री देत नाही. गाडीच्या पुस्तिकेत कोणता प्रकार लिहिलाय ते बघा. पाणी मिसळायचं असेल तर डिस्टिल्ड. निम्मं कूलंट आणि निम्मं पाणी या मिश्रणाला उणे ३७ अंशांच्या आसपासपर्यंत गोठण्याची भीती नसते. नळाच्या पाण्यातले क्षार मात्र हळूहळू कोअरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतात.

हवा काढताना गाडीचं नाक चढावर येईल अशी उभी करा. हीटर पूर्ण गरम बाजूला ठेवा, म्हणजे हीटरच्या पाइपावर वॉल्व्ह असेल तर तो उघडा राहील. थंड इंजिनावर झाकण काढा, काठोकाठ भरा, इंजिन सुरू करा आणि थर्मोस्टॅट उघडेपर्यंत आयडलिंगला चालू द्या. मध्येच रेडिएटरचा वरचा पाइप दाबत राहिलं की बुडबुडे वर येतात. पातळी खाली जाते, पुन्हा भरा. झाकणाच्या तोंडाशी बसणारं उंच नरसाळं मिळालं तर काम स्वच्छ होतं. काही गाड्यांत हवा काढायला वेगळा स्क्रू दिलेला असतो, बहुतेकदा थर्मोस्टॅटच्या घरावर किंवा हीटरच्या पाइपावर. तो असून न उघडता कितीही वेळ इंजिन चालवलं तरी हवा निघत नाही. काम झाल्यावर झाकण लावा, गाडी फिरवून आणा, रात्रभर थंड होऊ द्या आणि सकाळी पुन्हा पातळी बघा. हा सकाळचा दुसरा फेरा बहुतेक जण गाळतात.

पातळी काठोकाठ, हवा नाही, तरी पाइपांत तफावत आहे, तर हीटरच्या पाइपावरचा वॉल्व्ह बघा. सगळ्या गाड्यांत तो नसतो. असेल तिथे केबलने किंवा व्हॅक्यूमने उघडतो, आणि केबल क्लिपमधून निसटलेली असणं हा फुकटात सुटणारा दोष. कुणाला तरी बटण फिरवायला सांगा आणि वॉल्व्हची दांडी हलते का बघा.

मग उरतो तुंबलेला कोअर. दोन्ही पाइप पत्र्यापाशी सोडवा. कोणता कुठला यावर खूण करा. जुने पाइप ओढून काढू नका, आधी पिळून सैल करा. अगदीच चिकटले असतील तर पाइपच उभा चिरा आणि नवा घाला, कारण कोअरची नळी मोडली तर बऱ्याच गाड्यांत अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. आता बागेच्या पाइपाने परतीच्या तोंडातून पाणी सोडा, म्हणजे गाळ आला तसा मागे ढकलला जाईल. जोर बेताचाच ठेवा : या सिस्टीममध्ये चालताना साधारण एक बारच्या आसपास दाब असतो, नळ पूर्ण सोडला किंवा कॉम्प्रेसरची हवा मारली तर जुन्या कोअरचा सांधा सुटतो. आलटून पालटून दोन्ही बाजूंनी, पाणी स्वच्छ येईपर्यंत. माझ्या कोअरमधून आधी गंजाचं तांबूस पाणी आलं आणि मग तपकिरी चुऱ्यासारखं काहीतरी.

हा चुरा बहुधा कुणीतरी पूर्वी ओतलेल्या लीक बंद करणाऱ्या पावडरीचा होता. या पावडरीबद्दल माझं मत स्पष्ट आहे : रस्त्यात अडकलात आणि घरी पोचायचंय तर ठीक, एरवी नको. रेडिएटरचं बारीक भोक बुजवणारी वस्तू हीटर कोअरच्या बारीक नळ्या ओळखून सोडून देत नाही.

धुताना निघालेलं कूलंट उघड्यावर ओतू नका. बहुतेक कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं, कुत्री-मांजरं ते चाटतात आणि मरतात. भांड्यात गोळा करून रीतसर विल्हेवाट लावा.

वॉटर पंप मी मुद्दाम शेवटी घेतोय, कारण संशय त्याच्यावर लवकर जातो आणि दोषी तो कमी वेळा असतो. पंपाची आतली पाती गंजून झिजतात, प्लास्टिकची असतील तर तडकतात आणि दांडा आत नुसताच फिरतो. थंडीत इंजिन तापून उकळेल असं नाही, पण आयडलिंगला हीटर गार पडतो. बाकी सगळं तपासून झाल्यावरच पंपाला हात घाला.

हवेची बाजू

दोन्ही पाइप चटका देत असतील तर डॅशबोर्डमधली गार-गरम मिसळणारी झडप पूर्ण फिरत नाही. इंजिन सुरू केल्यावर डॅशबोर्डमागे काही सेकंद टिक-टिक-टिक आवाज येत असेल, तर झडप फिरवणाऱ्या छोट्या मोटरच्या प्लास्टिक गिअरचे दात गेलेत. केबलवाल्या जुन्या गाड्यांत केबल ताणून पुन्हा क्लिपमध्ये बसवली की बऱ्याचदा भागतं. आणि जाळीतून काळ्या स्पंजचे तुकडे उडून तोंडावर येत असतील तर ते झडपेवरचं फोम आहे. फोम झडलं की झडप बंद असूनही कडेने गार हवा गळत राहते. आतली हवा फिरवण्याचं बटण लावल्यावर केबिन लवकर तापते, पण काचेवर वाफ धरते, म्हणून पाच-सात मिनिटांनी ते बंद करा.

पुन्हा पुन्हा का होतं

हवा एकदा काढली आणि ती पुन्हा आली, म्हणजे ती कुठून तरी आत येतेय. कूलंट कमी झालं, म्हणजे ते कुठेतरी गेलंय. भरून मोकळं होणं ही दुरुस्ती नव्हे.

पायाशी कार्पेट ओलं, समोरच्या काचेवर पुसलं तरी चिकट राहणारी धुरकट साय, केबिनमध्ये गोडसर वास : कोअर गळतोय. बाहेर कुठेच थेंब नाही, कूलंट मात्र कमी होतंय, थंड इंजिन सुरू करून दोन मिनिटांत वरचा पाइप दगडासारखा कडक होतो, झाकण उघडं ठेवून चालवलं तर बुडबुडे थांबत नाहीत : हेड गॅस्केटची, म्हणजे इंजिनाच्या वरच्या आणि खालच्या भागांमधल्या सीलची, चाचणी करा. रेडिएटरच्या तोंडाशी धरायचं एक निळं द्रावण मिळतं. जळलेला वायू कूलंटमध्ये येत असेल तर ते पिवळं पडतं. ते पिवळं पडलं तर हीटरचा विचार बाजूला ठेवा आणि गाडी चालवणं थांबवा.

माझं द्रावण निळंच राहिलं. कार्पेट कोरडं. तेव्हा एका सकाळी कंटाळून पहिल्यांदा रेडिएटरचं झाकण उघडलं तर कूलंट चार बोटं खाली, आणि शेजारची बाटली वरच्या खुणेपर्यंत भरलेली. हे दोन्ही एकाच वेळी खरं कसं? इंजिन तापलं की कूलंट फुगतं, झाकणातल्या झडपेतून जास्तीचं बाटलीत जातं. थंड होताना आत पोकळी तयार होते आणि तेच कूलंट बारीक नळीतून परत ओढलं जातं. माझ्या गाडीत ही बारीक नळी रेडिएटरच्या तोंडाशी, क्लिपच्या खाली, चिरलेली होती. जाताना थोडं कूलंट चिरेतून बाहेर झिरपे आणि गरम पत्र्यावर सुकून जाई, बाकीचं बाटलीत पोचे. परत येताना मात्र बाटलीतून कूलंट वर ओढण्यापेक्षा चिरेतून हवा ओढणं सोपं. रोज रात्री एक घोट हवा आत. आठ-दहा दिवसांत ती हीटर बुडवायला पुरेशी होई. क्लिप सरकवल्याशिवाय चीर दिसत नव्हती, पण खालच्या पत्र्यावर वाळलेल्या कूलंटचा पांढरट ओघळ होता. तो मी कितीदा तरी पाहिला होता, पुसलाही होता.

वीतभर नवी नळी घातली. झाकणाच्या आतलं रबर कडक झालं होतं, म्हणून झाकणही बदललं, कारण तेही नीट बसत नसेल तर हाच खेळ पुन्हा सुरू होतो. हवा चौथ्यांदा काढली. बाटलीवर चिकटपट्टीची खूण केली : गाडी फिरवून आणल्यावर पातळी बोटभर वर आणि सकाळी पुन्हा पट्टीपाशी. पूर्वी ती एकाच जागी, वरच्या खुणेला, ठाण मांडून बसलेली असायची, आणि त्यालाच मी सगळं ठीक आहे असं समजत होतो.